ईएसआर खाली आला तेव्हा

मशीनचा इंजिनिअर तासभर झाकण उघडून बसला होता आणि म्हणत होता, मशीन ठीक आहे.

"मॅडम, दोनदा कॅलिब्रेट केलं. काहीच प्रॉब्लेम नाही."

"मग हा ग्राफ असा का?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. नाशिकला मुंबई नाक्याजवळ माझी छोटी लॅब आहे. रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या मशीनमध्ये रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी 'कंट्रोल' चालवावा लागतो. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून आलेलं असं रक्त, ज्याचे आकडे आपल्याला आधीच माहीत असतात. मशीनने तेच आकडे दाखवले तर मशीन शहाणं. आमच्याकडे असे दोन कंट्रोल. त्या सोमवारी मी सहज यादी उघडली तर तिसरा दिसला. त्याचे पाच दिवसांचे पाच आकडे होते. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पहिल्या दिवशी एक लाख चाळीस हजार. मग रोज खाली. त्या सकाळी अडतीस हजार.

कंट्रोल असा घसरत असेल तर पाच दिवसांत गेलेले सगळे रिपोर्ट चुकीचे. म्हणून इंजिनिअरला बोलावलं.

"पण मॅडम," झाकण बसवत तो म्हणाला, "आमच्या कंपनीने तुम्हाला तिसरा कंट्रोल पाठवलेलाच नाही."

मी शाहीनकडे बघितलं. शाहीन माझी टेक्निशियन. पाच वर्षं माझ्याकडे होती. रक्त काढणं, मशीन चालवणं, स्लाइड रंगवणं, सगळं तिच्या हातात. ती बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून काचेच्या नळ्या धूत होती. त्या धुवून झालेल्या होत्या. तरी धूत होती.

"शाहीन, हे कोणाचं सॅम्पल?"

तिने नळ बंद केला.

"माझं."

इंजिनिअर बॅग उचलून निघून गेला. मी तिला खुर्चीत बसवलं. हात धरला तर चटका बसावा असा ताप. मास्क काढायला लावला. ओठ पांढरे, मानेला दोन्ही बाजूंनी लिंबाएवढ्या गाठी.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही अ‍ॅडमिट व्हायला सांगितलं असतं."

"मग?"

"म्हणून."

मला रागावताही येईना. कारण आठवड्यापूर्वी ती घसा दुखतोय म्हणाली होती. मी मान वर न करता सांगितलं होतं, "व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घे." तिने घेतली. रोज घेत होती आणि रोज स्वतःचं रक्त काढून मशीनला लावत होती. पेशंटच्या यादीत नाव टाकलं तर मी बघणार, म्हणून कंट्रोलच्या यादीत.

दुपारपर्यंत ती जवळच्याच एका हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झाली. तिथले फिजिशियन डॉ. सोनवणे. वय चाळिशीचं, हुशार, बोलायला तुटक. त्यांचे बरेचसे पेशंट माझ्याकडेच तपासणीला येतात, त्यामुळे आमची रोजची ओळख. त्यांनी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड सगळं पाठवलं. सगळं निगेटिव्ह आलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ. सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली. त्यांनी अँटिबायोटिक सुरू केलं. मंगळवारी ताप एकशे तीनच्या खाली आला नाही.

त्या दोन दिवसांत माझं एका जागी बूड टेकलं नाही. मायक्रोस्कोपवर बसायचे, अर्धी स्लाइड बघायचे, उठायचे. फोन वाजला की दचकायचे, नाही वाजला की स्वतः करायचे. लॅबमध्ये मी एकटीच होते. दुसरी टेक्निशियन सातपूरला एका कारखान्यात हेल्थ कॅम्पला गेली होती. खरं तर त्या कॅम्पला शाहीन जाणार होती. कॅम्प चुकायला नको, म्हणून तर तिने सगळं लपवलं होतं, हे मला नंतर कळलं.

बुधवारी सकाळी डॉ. सोनवण्यांचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"मॅडम, गुड न्यूज. ईएसआर बघितला का? सोमवारी बहात्तर होता. आज दहा. अँटिबायोटिक लागू पडलं."

मी म्हणाले, "ताप?"

"ताप आहे अजून. उतरेल. ईएसआर आधी उतरला, एवढंच."

फोन ठेवला. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ईएसआर ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी तपासणी. एका बारीक काचेच्या नळीत रक्त उभं ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. शरीरात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं. ते लाल पेशींना एकमेकींना चिकटवतं. गठ्ठे जड होतात, भरभर खाली बसतात. म्हणून आकडा मोठा तर आजार जोरात. आकडा छोटा तर आजार ओसरला. सगळे डॉक्टर असंच वाचतात. मीही वाचते.

पण आकडा छोटा यायला दुसरंही एक कारण असतं. ते फायब्रिनोजेनच संपत आलेलं असेल तर पेशी चिकटणार कशाने?

मी नळी पुन्हा लावली. पुन्हा दहा. मग मी शाहीनच्या रक्ताची दुसरी ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. हे यंत्र रक्त गरगर फिरवून पेशी खाली बसवतं आणि वर पिवळसर पाणी उरतं, त्याला सीरम म्हणतात. झाकण उघडलं. सीरम दुधासारखं पांढरट होतं. रक्तात चरबी वाढली की असं होतं. भरपेट जेवणानंतर हे दिसणं साहजिक आहे. पण शाहीनने दोन दिवसांत दोन घोट चहापलीकडे काही घेतलं नव्हतं.

प्लेटलेट खाली. ईएसआर खाली. उपाशीपोटी सीरम दुधाळ. प्लीहा वाढलेली. ताप हटत नाही.

मी फेरिटिन लावलं. शरीरात लोह साठवणारं हे प्रथिन. बाईमाणसात शंभर-दीडशेपर्यंत असतं. मशीनने आकडा दिलाच नाही. नुसतं दाखवलं, 'ओव्हर रेंज'. म्हणजे मोजण्याच्या पट्टीबाहेर. सीरम दहापट पातळ करून लावलं. ओव्हर रेंज. पिपेटचं टोक ट्यूबच्या काठाला लागत होतं. शंभरपट पातळ करून लावलं. आकडा आला, चाळीस हजारांच्या वर.

मी अ‍ॅप्रन न काढताच रस्ता ओलांडून हॉस्पिटलमध्ये गेले.

डॉ. सोनवणे राउंडवर होते. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"डॉक्टर, मला एचएलएच वाटतोय."

ते थांबले. "फेरिटिनवरून?"

"सगळ्यावरून. तो ईएसआर सुधारणा नाहीये. फायब्रिनोजेन संपतंय."

"फेरिटिन टीबीत वाढतं. लिव्हर बिघडली तरी वाढतं."

"चाळीस हजार?"

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "धरून चालू एचएलएच आहे. तुम्हाला माहितीये त्याची ट्रीटमेंट काय. स्टिरॉइड. डब्ल्यूबीसी एकवीसशे आहे मॅडम. पेशंटकडे जंतूंशी लढायला पेशी नाहीत, अंगात बहुतेक इन्फेक्शन आहे, आणि मी वरून प्रतिकारशक्ती दाबायची? उद्या टीबी निघाला तर? त्या मानेच्या गाठी लिम्फोमाच्या निघाल्या तर? स्टिरॉइड दिलं की गाठ विरघळते, मग बायोप्सीत काही सापडत नाही. मला पुरावा द्या. मॅरो करा."

लिम्फोमा म्हणजे अशा गाठींचा कॅन्सर. त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. तीच अडचण होती.

वाचकांना एचएलएच म्हणजे काय हे सांगायला हवं. आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. मेलेल्या पेशी, जंतू, कचरा गिळणं हे त्यांचं काम. एचएलएचमध्ये या पेशी पिसाळतात. चांगल्या, जिवंत रक्तपेशींनाच गिळायला लागतात. आजार जंतूमुळे सुरू होतो, पण पेशंट मरतो तो स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हातून. आणि हा आजार पेटवणाऱ्यांत एका विषाणूचं नाव फार वर असतं. ईबीव्ही. घसादुखी, मानेच्या गाठी आणि ताप, ही त्याचीच सुरुवात असते. मी मान वर करून बघितलं असतं तर निदान त्याचा संशय तरी घेतला असता.

मॅरो म्हणजे हाडातला मगज. रक्तपेशी तिथे तयार होतात. कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून तो ओढून घ्यायचा असतो. जागा बधिर करता येते, पण ओढतानाची कळ बधिर होत नाही. हे मी शेकडो पेशंटना सांगितलं असेल. शाहीनला सांगायची गरज नव्हती. दरवेळी पेशंटचा हात तीच धरायची.

दुपारी तिला कुशीवर वळवलं. हात धरायला तिची अम्मी होती. मालेगावहून सकाळच्या एसटीने आली होती. सडपातळ अंगाची, काळा बुरखा, हातात स्टीलचा डबा. डबा कोणी खाल्ला नव्हता.

"मॅडम," शाहीन भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बफरची बाटली जुनी आहे. नवीन करून घ्या. नाहीतर स्लाइड निळी येते."

"तू गप्प पड."

"आणि स्टेन दोन मिनिटंच. तुम्ही विसरता."

मी सुई घातली. तिने हूं की चूं केलं नाही. अम्मीने मात्र डोळे मिटून घेतले.

मी आठ स्लाइड केल्या. लॅबमध्ये येऊन नवीन बफर, म्हणजे रंगात मिसळायचं पाणी, बनवलं, घड्याळ लावून रंग दिला. संध्याकाळी मायक्रोस्कोपवर बसले. पहिली स्लाइड, दुसरी, तिसरी, चौथी. मी काय शोधत होते? मॅक्रोफेज शोधत होते असं मला वाटत होतं. पण डोळे दुसरंच शोधत होते. ब्लास्ट, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या पेशी. त्या नव्हत्या. चारही स्लाइडमध्ये एकही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्ची मागे सारून उठलेच. डॉ. सोनवण्यांना फोन केला. "ल्युकेमिया नाही."

"हिमोफॅगोसाइट?" त्यांनी विचारलं. म्हणजे रक्तपेशी गिळलेले मॅक्रोफेज.

"दिसले नाहीत."

"मग थांबतो. अँटिबायोटिक बदलतो."

फोन ठेवल्यावर तो हलकेपणा पाच मिनिटं टिकला असेल.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी वॉर्डात होते. शाहीनच्या डोळ्यांत पिवळी झाक आली होती. हिरडीतून रक्त येत होतं. अम्मी तिच्या तोंडाला रुमाल लावून बसली होती. मला बघून उठली.

"डॉक्टरबाई, वो रात के डॉक्टर बोले, हर्पीस का व्हायरस हो सकता है. मैंने मेरे भांजे को फोन पे पूछा. वो बोला, वो तो गंदी बीमारी है. मेरी बेटी ऐसी नहीं है."

तिचा आवाज अगदी खाली होता. शेजारच्या कॉटवर ऐकू जाऊ नये म्हणून. रात्रीच्या डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं होतं, पण अर्धं. ईबीव्ही हर्पीसच्या घराण्यातलाच.

मी तिच्याशेजारी बसले. "अम्मी, शाहीनला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"माता आयी थी. दूसरी में थी."

"तो विषाणू पण हर्पीसच्या घराण्यातला. तुमच्याकडे कोणाला नागीण झालीये?"

"इसके अब्बा को हुई थी. कमर पे."

"तीही त्याच घराण्यातली. तुमचा भाचा म्हणतो तो या घरातला एक. हा दुसरा. हा लहान मुलांना होतो, उष्ट्या पेल्यातून होतो. तुमच्या अंगात आहे, माझ्याही अंगात असणार."

"आपको भी?"

"जवळजवळ सगळ्यांना."

तिने रुमालाची घडी बदलून शाहीनच्या ओठांना लावली. मग म्हणाली, "तो फिर इसी को क्यों?"

 

शाहीन जागी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मॅरोत काय?"

"ल्युकेमिया नाही."

"किती स्लाइड बघितल्या?"

"चार."

"आठ केल्या होत्या. काचांच्या आवाजावरून मोजत होते मी."

मी तिचा चार्ट हातात घेतला.

"आणि शेपटी बघितली?"

स्लाइड करताना थेंब काचेवर ठेवून दुसऱ्या काचेने पुढे ओढतात. जिथे तो संपतो त्या टोकाला आम्ही शेपटी म्हणतो. मोठ्या, जड पेशी ओढत ओढत तिथे आणि कडांना जाऊन साचतात. मॅक्रोफेज मोठा असतो. हे मीच तिला शिकवलं होतं, पहिल्याच महिन्यात. आणि मी स्लाइडचा मधला, स्वच्छ, सुरेख पसरलेला भाग बघून उठले होते.

लॅबमध्ये पोचायला चार मिनिटं लागतात. त्या दिवशी सिग्नल न बघता रस्ता ओलांडून कशी आले मला माहीत नाही. पाचवी स्लाइड लावली. सरळ शेपटीला गेले.

तिथे होता. मोठा, फेसाळ, पोटात तीन लाल पेशी आणि एक प्लेटलेट. शेजारी दुसरा. त्याच्या पोटात एक अख्खी पांढरी पेशी, अजून न पचलेली. सहाव्या स्लाइडमध्ये कडेला सात मोजले. मग मी कालच्या पहिल्या चार पुन्हा काढल्या. त्यांच्याही शेपटीला होते. काल संध्याकाळीही होते.

फोटो काढून डॉ. सोनवण्यांना पाठवले आणि मागोमाग फोन केला.

"डॉक्टर, काल मी चुकले. हिमोफॅगोसाइट आहेत. भरपूर आहेत."

मला वाटलं, आता हे बोल लावणार. ते म्हणाले, "ईबीव्हीची पीसीआर?"

"काल मुंबईला पाठवली. शनिवारी येईल. शनिवारपर्यंत थांबता येणार नाही."

"स्टिरॉइड दिल्यावर विषाणू आणखी माजला तर?"

इथे थोडं आत जावं लागेल, कारण सगळा पेच याच प्रश्नात होता.

ईबीव्ही राहतो बी पेशींमध्ये. ही पांढऱ्या पेशींची एक जात. बी पेशीच्या अंगावर एक बटणासारखं प्रथिन असतं. संकटकाळी दुसऱ्या जातीची पेशी, टी पेशी, येऊन ते दाबते. मग आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा हातोहात निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, की शत्रू आलाय, वाढा. या साखळीला सिग्नलिंग पाथवे म्हणतात. टी पेशी बाजूला झाली की निरोप थांबतो. ईबीव्ही काय करतो, तर पेशीच्या आवरणात स्वतःचं एक प्रथिन घुसवतो. ते त्याच साखळीला जोडलं जातं, पण ते दाबायला कोणी लागत नाही. ते कायम दाबलेलंच. पेशीला वाटतं, वरून ऑर्डर आहे. ती वाढत राहते आणि विषाणूला घर मिळतं.

बहुतेकांच्या शरीरात टी पेशी अशा बी पेशी हेरून मारतात आणि प्रकरण मिटतं. क्वचित एखाद्याच्या शरीरात विषाणू टी पेशींमध्येच शिरतो. टी पेशीत आवर घालणारं एक प्रथिन असतं. विषाणूचं ते मघाचंच, कायम दाबलेलं प्रथिन इथे तो आवर बंद पाडतं. मग टी पेशी थांबतच नाही. ती रसायनं ओतत राहते आणि त्या रसायनांनी मॅक्रोफेज पिसाळतात. विषाणू स्वतः फारसं काही करत नाही. चुकीचा निरोप देऊन मोकळा होतो. पुढचं सगळं आपल्याच पेशी करतात.

म्हणून मी म्हणाले, "डॉक्टर, तिला विषाणू मारत नाहीये. तिच्या पेशी मारतायत. आधी त्यांना थांबवू. विषाणूचं नंतर बघू."

"आणि लिम्फोमा?"

ईबीव्हीने वाढवलेल्या पेशींचा पुढे कॅन्सरही होतो. त्यांची भीती रास्त होती.

"मॅडम, असं करू," तेच म्हणाले. "प्लेटलेट चढवतो. सर्जनला बोलावतो. मानेची गाठ आत्ता काढून घेऊ. गाठ फॉर्मॅलिनमध्ये पडली की लगेच मी डेक्सा देतो. रिपोर्टची वाट बघणार नाही. चालेल?"

फॉर्मॅलिन म्हणजे गाठ टिकवून ठेवणारं द्रव्य. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, स्टिरॉइड. मला हे सुचलं नव्हतं. दोन दिवस मी स्टिरॉइड द्या म्हणत होते आणि ते नको म्हणत होते. मधला रस्ता एक तासाचा होता.

साडेबाराला गाठ निघाली. बाटली मी स्वतः हातात घेऊन आले. पावणेएकला पहिलं इंजेक्शन गेलं. सोबत इम्युनोग्लोब्युलिन सुरू केलं. ही निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेली प्रथिनं, पिसाळलेल्या पेशी शांत व्हायला मदत करतात. डॉ. सोनवण्यांनी मुंबईतल्या एका रक्तरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, दोन दिवसांत उतार नाही पडला तर केमोचं औषध द्यावं लागेल, तयारी ठेवा.

मग वाट बघणं आलं, आणि ते मला कधीच जमलेलं नाही. गुरुवारी दुपारी मी लॅबमधली फडताळं आवरली. शुक्रवारी ती पुन्हा आवरली. एका पेशंटला थुंकीच्या ऐवजी लघवीची बाटली दिली. तो बिचारा परत येऊन विचारून गेला. दर तीन तासांनी मी वॉर्डात जायचे, चार्ट बघायचे, परत यायचे. शुक्रवारी दुपारी ताप एकशे तीनच होता. अम्मी नमाजाच्या चटईवर बसलेली असायची. मी आले की वर बघायची. मी मान हलवायचे. दोन्ही अर्थ निघतील अशी.

शुक्रवारी संध्याकाळी ताप शंभर. शनिवारी सकाळी ताप नव्हता.

सकाळच्या रक्तात प्लेटलेट पंचवीस हजार. अजून खाली. मी ईएसआर लावला आणि तासभर नळीसमोर उभी राहिले. चाळीस. आकडा वाढला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा ईएसआर वाढला म्हणून मला आनंद झाला. फायब्रिनोजेन परत येत होतं. दुपारी फेरिटिन अर्ध्यावर आलं. ईबीव्हीची पीसीआर पॉझिटिव्ह आली, आकडा लाखांत.

डॉ. सोनवण्यांना फोन केला. "ईएसआर चाळीस."

"वाढला," ते म्हणाले. मग हसले. "काँग्रॅच्युलेशन्स."

आठ दिवसांनी गाठीचा रिपोर्ट आला. लिम्फोमा नाही. ईबीव्ही शिरलेल्या पेशी होत्या, कॅन्सर नव्हता. तो रिपोर्ट मी दिला नव्हता. गाठ मीच आणली होती, पण मुंबईला पाठवली. एव्हाना मला थोडी अक्कल आली होती.

सगळं इतकं सरळ झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात ताप परत आला आणि केमोच्या औषधाचे काही डोस द्यावेच लागले. शाहीनचे केस गेले. दीड महिना हॉस्पिटल, मग मालेगावला विश्रांती. विषाणू तिच्या अंगात आहेच, तो जाणार नाही. पण गप्प आहे. चार महिन्यांनी ती लॅबमध्ये आली, डोक्याला स्कार्फ, वजन दहा किलोने कमी. पहिलं काम काय केलं, तर बफरची बाटली उघडून वास घेतला आणि ओतून दिली.

मी तिला रागावायचं ठरवलं होतं, कंट्रोलच्या यादीवरून. पाठ करून ठेवलं होतं काय बोलायचं. तिनेच आधी विचारलं.

"मॅडम, तुम्ही चार स्लाइडवर का थांबलात?"

"ल्युकेमिया नाही दिसला, म्हणून."

"दुसऱ्या कोणाची असती तर?"

"आठही बघितल्या असत्या."

ती मान हलवून कामाला लागली. माझं रागावणं राहूनच गेलं.

तेव्हापासून लॅबमध्ये एक नियम आहे. आपल्या माणसाचं सॅम्पल आपण बघायचं नाही. स्वतःचं तर मुळीच नाही. माया असली की डोळा हवं ते बघतो आणि उठून जातो. मी हा नियम टाइप करून मशीनच्या वर चिकटवला आणि सही केली.

मागच्या महिन्यात मला चक्कर आली. शाहीनने माझं रक्त काढलं. मी ट्यूब मशीनकडे घेऊन निघाले तर तिने ती हातातून काढून घेतली आणि समोरच्या लॅबमध्ये पाठवून दिली.

"अगं, साधी शुगर आहे," मी म्हणाले.

"नियम तुमचाच आहे, मॅडम."

रिपोर्ट तासाभरात आला. शुगर दोनशे ऐंशी. मी स्वतः बघितली असती तर पुन्हा एकदा लावून बघितली असती, आणि मग मशीनच्या इंजिनिअरला फोन केला असता.